तारेवरची वेलांटी

मराठी समीक्षेत 'वर्णनपर' हे विशेषण सहसा कौतुकाने वापरले जात नाही. कथानक पुढे न नेणारा, विचाराला भिडण्याचे टाळणारा मजकूर म्हणजे वर्णन, अशी आपली एक सर्वसाधारण समजूत असते. विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांवर 'केवळ वर्णनात्मक' हा शेरा मीही अनेकदा मारला आहे आणि यापुढेही मारीन. परंतु गेले वर्षभर मी अशा एका वस्तूच्या सहवासात आहे की, जिच्या बाबतीत वर्णन लिहून पूर्ण झाले की वर्णिलेली गोष्ट अस्तित्वात येते. या वस्तूचे नाव एफपीजीए, म्हणजे 'फील्ड प्रोग्रामेबल गेट अरे'. नाव रूक्ष आहे. वस्तू तशी नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध घरातला फ्यूज बदलण्यापुरता. उपकरणशास्त्र शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला होता; जाताना त्याने आपल्याकडचा जास्तीचा बोर्ड आणि काडेपेटीहून थोडे मोठे असे एक मोजयंत्र माझ्या टेबलावर ठेवले. "मावशी, वृत्तं शिकवतेस ना? मग हे तुला जमेल," एवढेच तो म्हणाला. त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

सर्वसाधारण संगणकाची चिप आज्ञा पाळते. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. एफपीजीएमध्ये आज्ञा नसतात. तिच्यात हजारो छोटे तक्ते असतात, आठवण धरून ठेवणाऱ्या छोट्या पेशी असतात आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारे किंवा तोडणारे असंख्य स्विच असतात. कोणता तक्ता कशाला जोडायचा, हे चिप कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिचा वापर करणारा माणूस ठरवतो. आणि उद्या हवे तर बदलतो. झायलिंक्स या कंपनीची 'एक्ससी२०६४' ही अशी पहिली चिप १९८५ साली बाजारात आली, तेव्हा तिच्यात असे ६४ गट होते. माझ्या टेबलावरच्या 'टॅंग नॅनो ९के' या हौशी लोकांच्या बोर्डावर ८,६४० तक्ते आहेत आणि बोर्ड बोटाएवढा आहे.

तक्ता म्हणजे काय, ते साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगणे फार सोपे आहे. चार तारा आत येतात; प्रत्येक तार ० किंवा १ असते. चार स्थाने आणि प्रत्येक स्थानी दोन शक्यता, म्हणून ओळी सोळा. पिंगलाच्या छंदःशास्त्रातला चार अक्षरांचा प्रस्तार ज्यांनी एकदा तरी वहीत मांडला असेल, त्यांनी हा तक्ता आधीच पाहिलेला आहे. लघु-गुरूच्या जागी ० आणि १ एवढाच फरक. प्रत्येक ओळीपुढे 'उत्तर' म्हणून आणखी एक ० किंवा १ लिहायचा. अशी उत्तरे भरण्याचे ६५,५३६ प्रकार होतात. एका तक्त्याचा स्वभाव म्हणजे त्यांपैकी एक प्रकार. वृत्तांच्या वर्गात प्रस्तार शिकवताना मुले 'हे कशासाठी?' असे विचारतात. माझ्याकडे आता निदान एक उत्तर आहे.

ही जोडणी ज्या भाषांत लिहायची, त्यांना 'हार्डवेअर वर्णनभाषा' असेच म्हणतात. त्यांतल्या दोन प्रमुख. व्हीएचडीएल ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या गरजेतून निघाली आणि १९८७ साली प्रमाणित झाली; पुरवठादारांनी दिलेल्या चिपा नेमक्या कशा वागतात, याची निःसंदिग्ध नोंद ठेवणे हा तिचा मूळ हेतू होता. दुसरी व्हेरिलॉग. ती १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'गेटवे डिझाइन ऑटोमेशन' या कंपनीत फिल मूरबी आणि प्रभू गोयल यांच्या हातून घडली, तीही मंडल बनवण्याआधी त्याचे वागणे कागदोपत्री तपासून पाहण्यासाठी. म्हणजे दोन्ही भाषा मुळात भाष्याच्या. भाष्यावरून प्रत्यक्ष मंडल उभे करण्याची विद्या मागाहून आली. आपल्याकडे आधी काव्य आणि मग टीका, असा क्रम आपण गृहीत धरतो. इथे टीका आधी लिहिली गेली आणि तिच्यातून काव्य निघू लागले.

या भाषेची पहिली अडचण शब्दांची नाही, क्रमाची आहे. दोन वस्तूंची अदलाबदल करायची तर तिसरे भांडे लागते, हे आपण व्यवहारातून शिकतो. व्हेरिलॉगमध्ये 'क ला ख द्या' आणि खालच्या ओळीत 'ख ला क द्या' असे विशिष्ट चिन्हाने लिहिले की, घड्याळाच्या एकाच ठोक्याला दोन्ही घडते. तिसरे भांडे लागत नाही, कारण दोन्ही ओळी ठोक्याच्या आधीची स्थिती पाहतात. ओळींची जागा बदलली तरी काही बिघडत नाही. मी कागदावर बोट ठेवून वरून खाली वाचत असताना भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, तू गोष्ट वाचतेयस. हा नकाशा आहे."

लेसिंगने 'लाओकोऑन'मध्ये (१७६६) चित्र आणि काव्य यांच्यात जी भेदरेषा आखली, ती आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरती का होईना वाचलेली असते: चित्रात गोष्टी शेजारी-शेजारी असतात, काव्यात एकीमागून एक. व्हेरिलॉगचा मजकूर या वर्गीकरणात नीट बसत नाही. तो शब्दांचा आहे, ओळींचा आहे, डावीकडून उजवीकडे लिहिलेला आहे. पण त्याचा अर्थ शेजारी-शेजारी असतो. सवयीने मन त्यात 'मग' शोधत राहते. 'मग' हवाच असेल तर तो स्वतंत्रपणे बांधावा लागतो: घड्याळ, गणक, आणि 'आपण आता कुठे आहोत' हे लक्षात ठेवणाऱ्या दोन-चार पेशी. कथनशास्त्रात काळ किती फुकट मिळतो, हे मला या निमित्ताने कळले.

सुरुवात करणाऱ्यांचा पहिला धडा जगभर एकच असतो, तो म्हणजे दिवा उघडझाप करणे. या बोर्डावरचे घड्याळ सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके देते, त्यामुळे ठोक्यासरशी दिवा लावला तर डोळ्याला काहीच कळणार नाही. ठोके मोजणारा गणक बांधायचा आणि त्याचा शेवटचा अंक दिव्याला जोडायचा. मी त्याऐवजी भुजंगप्रयात लावला. लघु-गुरु-गुरु, असे चार वेळा. बारा अक्षरे, वीस मात्रा. पाव सेकंदाची एक मात्रा धरली तर ६७ लाख ५० हजार ठोके मोजावे लागतात आणि एक चरण पाच सेकंदांत होतो. दोन गुरु लागोपाठ आले की ते एकच लांब उजेड दिसू नयेत म्हणून अक्षराच्या शेवटी किंचित अंधार ठेवावा लागतो. (या बोर्डावर ० दिला की दिवा लागतो आणि १ दिला की विझतो. काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना अशा उलट्या संकेतांची सवय असतेच.) रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेला तो हिरवट बोर्ड निःशब्दपणे वृत्त म्हणत होता, हे सांगताना मला आजही थोडा अभिमान वाटतो.

वर्णनापासून मंडलापर्यंतची वाट मोफत साधनांनीही चालता येते. 'योसिस' हा कार्यक्रम वर्णनाचे तक्त्यांत रूपांतर करतो, 'नेक्स्टपीएनआर' ते तक्ते चिपेवर कुठे बसवायचे ते ठरवतो. चिपेत अखेर जी ०-१ची रास भरायची, तिची रचना कंपन्या बहुधा उघड करत नाहीत. लॅटिस कंपनीच्या आइस४० या चिपांची रचना 'आइसस्टॉर्म' प्रकल्पाने २०१५ साली उलगडली. वर्णनात एक लहानसा बदल करायचा, पुन्हा रास तयार करायची, दोन्ही राशी ताडून कोणता अंक हलला ते पाहायचे. माझ्या बोर्डावरच्या गोविन कंपनीच्या चिपांसाठी 'अपिक्युला' हा त्याच जातीचा प्रकल्प आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली ती पोथ्या ताडून, हे आपण अभिमानाने शिकवतो. पाठभेदांच्या तपासाची ही दुसरी शाखाही विद्यार्थ्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

पण मला खरे गुंतवले ते त्या काडेपेटीवजा यंत्राने. त्याचे नाव लॉजिक अ‍ॅनालायझर. एका बाजूला संगणकाला जोडायची केबल, दुसऱ्या बाजूला आठ वाहिन्यांच्या पिना आणि एक जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. ती ग्राउंडची तार सर्वांत आधी जोडायची; दोघांचे शून्य एक नसेल तर पुढचे सारे वाचन निरर्थक. 'पल्सव्ह्यू' या मोफत कार्यक्रमात मग तारेवरचा वीजदाब काळाच्या आडव्या रेषेवर चढ-उतारांच्या रूपात दिसतो.

'दिसतो' म्हटले, पण काय दिसते ते नीट सांगायला हवे. तारेवर प्रत्यक्षात ०-१ नसतात, व्होल्ट असतात. ३.३ व्होल्टच्या मंडलांत साधारणतः २ व्होल्टच्या वर निश्चित १ आणि ०.८ च्या खाली निश्चित ०. मधल्या पट्ट्यात काय समजायचे, याची हमी कुणी देत नाही. ऑसिलोस्कोप या पट्ट्यातली सारी डगमग, गोलाई, कंप दाखवतो. लॉजिक अ‍ॅनालायझर फक्त निवाडा दाखवतो. शिवाय तो अखंड पाहत नाही. ठरावीक अंतराने डोळे उघडतो. स्वस्तातले यंत्र सेकंदाला जास्तीत जास्त २ कोटी ४० लाख वेळा. म्हणजे बोर्डाच्या घड्याळापेक्षा हळू. अशा यंत्राने ते घड्याळ पाहू गेले तर पडद्यावर २७ मेगाहर्ट्झ दिसत नाहीत. दोघांतला फरक, ३ मेगाहर्ट्झ, दिसतो. सुबक, नियमित आणि सर्वस्वी खोटा. यंत्र बिघडलेले नसते, तारही बरोबर असते. वाचकाची गती मजकुराच्या गतीहून कमी पडली की असे गोंडस अर्थ तयार होतात.

आता 'कविता' हा शब्द. मी बोर्डाला तो एका तारेवरून अखंड पाठवत राहायला सांगितले, यूआर्ट या जुन्या आणि साध्या पद्धतीने. तिचा विशेष असा की, पाठवणारा आणि वाचणारा यांच्यात सामाईक घड्याळ नसते. तार एरवी वर असते. बाइट सुरू होताना ती एक मात्रा खाली येते. मग आठ मात्रा मजकुराच्या, त्यांत शेवटचा अंक आधी. आणि अखेरीस एक मात्रा वर, तो थांबा. मात्रा केवढी, हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असावे लागते. सेकंदाला ९,६०० मात्रा ठरवल्या तर एक मात्रा सुमारे १०४ मायक्रोसेकंदांची. बोर्डाच्या हिशेबात ती २,८१२.५ ठोक्यांची भरते. अर्धा ठोका नसतो, म्हणून २,८१२ घ्यायचे. ही चूक दहा हजारांत दोनापेक्षाही कमी आहे आणि प्रत्येक बाइटच्या आरंभी वाचक आपला ताल नव्याने जुळवतो, म्हणून ती साचत नाही. तार सहा मात्रा खाली आहे की सात, हे मोजूनच ठरते. वृत्ताच्या तासाला आपण याहून वेगळे काय करतो?

'कविता'मध्ये आपल्या दृष्टीने अक्षरे तीन. संगणकाच्या दृष्टीने चिन्हे पाच: क, व, पहिली वेलांटी, त, काना. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात, म्हणजे पंधरा बाइट, दीडशे मात्रा. सारा शब्द सुमारे १६ मिलिसेकंदांत संपतो. छापताना जी पहिली वेलांटी 'व'च्या डावीकडे बसते, ती तारेवर 'व'च्या नंतर येते, उच्चाराच्या क्रमाने. आणि कुणी 'कवीता' लिहिले तर? पहिल्या वेलांटीचा तिसरा बाइट पाहावा: एक मात्रा खाली, सहा वर, एक खाली, दोन वर. दुसऱ्या वेलांटीचा: सलग आठ मात्रा खाली, दोन वर. शुद्धलेखनाची चूक लांबून, चष्म्याशिवाय दिसते. यात ह्रस्वदीर्घाचे काही गूढ प्रतीक शोधण्याचा मोह होतो, तो आवरावा. चिन्हांना क्रमांक देताना चौसष्टाच्या गटाची सीमा या दोघींच्या मधून गेली, इतकेच त्याचे कारण आहे.

मग मी मुद्दाम एक प्रयोग केला. यंत्राला शब्दाच्या आरंभी सुरू न करता 'क'च्या दुसऱ्या बाइटच्या मध्यावर सुरू केले. तिथेही तार वरून खाली येते. वाचणाऱ्या कार्यक्रमाने तो आरंभ मानला, आठ मात्रा वाचल्या, थांब्याची मात्रा पाहिली. ती वर होती, जशी असायला हवी तशी. आणि पडद्यावर रोमन लिपीतले ठसठशीत 'झेड' उमटले. 'कविता'त कुठेही नसलेले अक्षर, सर्व नियम पाळून. पुढच्या बाइटला मात्र गाडी अडली: वाचक जिथे थांबा शोधत होता, तिथे 'व'च्या आरंभीच्या सलग सहा मात्रा खाली पसरलेल्या होत्या. कार्यक्रमाने चौकट जुळत नसल्याची खूण केली, पुढच्या उतारापाशी पुन्हा ताल धरला आणि तिथून वाचन सरळ झाले. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट हाच असतो, सहा मात्रा खाली नि चार वर. त्यामुळे भरकटलेल्या वाचकाला दर चिन्हापाशी अडवले जाण्याची संधी मिळते.

स्टॅन्ली फिशचे १९८० सालचे पुस्तक आपल्या पदव्युत्तर वर्गांत सारांशरूपाने शिकवले जाते: संहिता वाचकांच्या संकेतांतून घडते, हे संकेत वाचकसमूहाचे असतात. तारेसमोर बसले की फिश बराचसा पटतो. मात्रा केवढी, आरंभ कोणता, हे संकेत आधी नसतील तर तारेवर फक्त चढ-उतार आहेत, अक्षर नाही. पण त्या संकेतांतच एक जागा अशी राखलेली आहे की, जिथे तार वाचकाला 'नाही' म्हणू शकते. थांब्याची मात्रा हाही संकेतच, असे फिश म्हणतील आणि ते मान्य करावे लागेल. मात्र त्या क्षणी तार वर आहे की खाली, हे कोणताही वाचकसमूह ठरवत नाही. आणि 'झेड'ही विसरता येत नाही. संहितेने एकदा होकार दिला म्हणजे वाचन खरे ठरले असे नाही. पुढच्या बाइटपर्यंत जावे लागते.

विभागातल्या चहाच्या वेळी मी हे सांगितले, तेव्हा एक तरुण सहकारी म्हणाले, "मॅडम, पण तार म्हणजे कविता नव्हे." आक्षेप रास्त आहे. तरीही कवितेत नकाराची ही जागा कोठे असते, हा प्रश्न त्याने मिटत नाही. वृत्तबद्ध काव्यात ती उघड असते. मोरोपंतांच्या आर्येत एक मात्रा कमी भरली की लेखनिकाने काही गाळले असावे, ही शंका संपादकाला येते. अभ्यासक्रमांतून वृत्तविचार आक्रसत गेला, तेव्हा आपण एक अलंकार सोडतो आहोत असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात आपण विद्यार्थ्याच्या हातातले एक तपासणीचे साधन काढून घेतले. मुक्तछंदात काय? मला वाटते, मराठीत ते काम पुष्कळदा क्रियापद करते. एखाद्या कवितेतली निवेदक स्त्री आहे असे मानून चार ओळी उत्तम वाचता येतात, प्रत्येक प्रतिमा त्या वाचनाला होकार देते. पाचव्या ओळीत 'मी निघालो' येते आणि गाडी अडते. तिथे विद्यार्थ्याने 'हे माझे वाचन आहे' म्हणून पुढे जायचे, की मागे येऊन ताल पुन्हा धरायचा, हा गुणांचा नव्हे तर वाचण्याच्या नीतीचा प्रश्न आहे. सहकाऱ्यांनी यावर अजून उत्तर दिलेले नाही. चहा मात्र त्यांनीच पाजला.

सध्या मी लगक्रम ओळखणारे मंडल बांधते आहे. एका बाजूने देवनागरी चिन्हे आत यायची, दुसऱ्या बाजूने प्रत्येक अक्षर लघु की गुरु ते बाहेर पडायचे. दीर्घ स्वर सोपे आहेत. जोडाक्षर आले की काम अडते, कारण जोडाक्षराआधीचे ह्रस्व अक्षर गुरु होते: 'सत्य'मधला 'स' गुरु आहे हे 'स' आला तेव्हा कळत नाही, 'त' आला तरी कळत नाही, 'त'नंतरचे हलन्ताचे चिन्ह आले की कळते. तोवर 'स'ला पेशींमध्ये थांबवून ठेवावे लागते. ते जमले. मग 'तुझ्या' आले. इथेही जोडाक्षर आहे, पण 'तु'वर आघात येत नाही, म्हणून तो लघुच राहतो. हे आपल्याला कान सांगतो आणि चिन्हांत त्याची काहीही खूण नाही. अशा शब्दांची यादी चिपेत भरता येईल, पण ती यादी कुणाच्या कानाने करायची? बोर्डावर दोन बटणे आहेत. त्यांतले एक मी आघातासाठी राखून ठेवले आहे. 'तुझ्या' आले की ते मी स्वतः, बोटाने दाबते.